दहाव्या क्रेटमधली चिठ्ठी

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे, पण शेडच्या फरशीवर टोमॅटोचा रस सांडलाय, म्हणून मनातल्या मनात घातला. तो तसाच पदरात घे.

पत्रास कारण म्हणजे तुझे यजमान. घाबरू नकोस, त्यांना काही झालेलं नाही. झालंय ते मला. काल आमच्या टोमॅटो संघाच्या कचेरीतून कागद आला. तुमच्या शहरातल्या दुकानदारांना आमचे टोमॅटो पोचतात ते तीन क्रेटमागे एक क्रेट मऊ, फुटलेले, काही तर पाणी सुटलेले, अशी तक्रार आहे. आणि खाली सही कोणाची, तर शहर गोदामाचे प्रमुख, म्हणजे आमचे पूज्य भावोजी! अक्षर मोत्यासारखं. मेहुण्याला फासावर चढवायचं पत्रसुद्धा माणसाने किती देखणं लिहावं! एक काना इकडचा तिकडे नाही.

तुला माहीतच आहे, शेतकरी सकाळी माल आणतात, आम्ही तो रंग पाहून निवडतो, क्रेट भरतो, संध्याकाळी गाडी निघते ती पहाटे भावोजींच्या दारात. मधे कुठे श्वास घ्यायलाही थांबत नाही. तरी अध्यक्षांचं म्हणणं असं की दोष निवडीचा. आम्ही पिकलेला माल खपवतो. येत्या २८ तारखेला बैठक आहे. तोवर सुधारणा दिसली नाही तर ही शेड बंद करून काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरलंय. मी तर जाईनच, पण निवडणाऱ्या बावीस बायका घरी बसतील. त्यात तुझी भावजय आहे. डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती कच्चा-पिका सांगते, आणि तिला म्हणे निवडता येत नाही. काल तिने रागाने सहा क्रेट दुप्पट वेगाने भरले आणि प्रत्येक टोमॅटोला काहीतरी ऐकवलं.

तेव्हा ताई, जरा आडून विचार, भावोजी टोमॅटो पाहताना दाबून तर पाहत नाहीत ना? त्यांचा अंगठा मला लग्नात हस्तांदोलन करताना कळला होता.

माया आहे तशी राहू दे, मऊ पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटोबा


ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,

ताईचे अ. उ. आ. तुझं पत्र देवासमोर बसून वाचलं. खोटं कशाला बोलू, वाचल्यावर पहिला संशय मला तुझाच आला. शाळेत असताना पेरू खिशात ठेवून त्याच्यावर बसायचास तो तूच. फळाची राखण कशी करू नये हे मी तुझ्याकडूनच शिकले.

पण संशय बाजूला ठेवून मी माझी वही काढली. तू ज्या वहीला हसतोस तीच, 'टाकलं ते'. देवाने दिलेलं अन्न फेकायची वेळ आली तर निदान काय फेकलं, कधी आणि कोणाच्या आळसाने, हे लिहून ठेवावं, अशी माझी रीत. मॅट्रिकला गणितात मिळालेल्या मार्कांचा जन्मभरात एवढाच उपयोग झाला. तर त्यात गेल्या तीन महिन्यांत टोमॅटोच्या नोंदी अकरा. आणि अकराच्या अकरा गुरुवारच्या! सोमवारी आणलेला टोमॅटो आठवडाभर टणक राहतो, गुरुवारी आणलेला घरी येईस्तोवर पिशवीत रडतो. आता तूच सांग, तुझ्या टोमॅटोला वार कळतो का?

म्हणून नाक्यावरच्या चष्मेवाल्या मावशींकडे गेले. माझी भाजी कायम त्यांच्याकडची. त्या म्हणाल्या, गुरुवारी गाडीला सुट्टी असते, त्या दिवशी गोदामातून शिल्लक माल मिळतो. मी विचारलं, शिल्लक म्हणजे कालचा ना? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, बाई, तो कालचा की परवाचा हे त्या टोमॅटोच्या आईलाच ठाऊक.

माझ्या फडताळात प्रत्येक डब्यावर भरल्या तारखेची चिठ्ठी असते. तूही एका दिवशीच्या थोड्या क्रेटमध्ये तळाशी चिठ्ठ्या घाल. तारीख आणि नंबर लिही आणि मागे लिही की सापडल्यास नाक्यावरच्या चष्मेवाल्या मावशींना द्यावी. दुकानदार सगळे त्यांना ओळखतात. त्या माझ्यासाठी जपून ठेवतील. मग बघू कोणता क्रेट कुठे मुक्काम करतो.

यांना मी काही विचारलेलं नाही. अंगठ्याचं तर मुळीच नाही. बावीस जणींना सांग, रोज सकाळी त्यांची आठवण करून देवापुढे हात जोडते.

भावजयीला आशीर्वाद, आणि टोमॅटोला बोलायचं थांबव म्हणावं, एखादा मनाला लावून घ्यायचा.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हुकमाप्रमाणे काल, ८ तारखेला, दहा क्रेट निवडले. एकाच शेतातला माल, एकीनेच भरलेला (कोणी ते तू ओळखलंस), एकाच गाडीत चढवलेला. प्रत्येकाच्या तळाशी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून चिठ्ठी घातली. तारीख, नंबर, मागे मावशींचा पत्ता.

आता एक कबुली. नऊ चिठ्ठ्या लिहून झाल्या तोवर मी अगदी शहाण्यासारखा वागलो. दहाव्या चिठ्ठीला बायका भोवती जमल्या होत्या, हसत होत्या, आणि मला चेव आला. तीवर तारखेखाली मी असं लिहिलंय: "ताई, हा टोमॅटो मऊ निघाला तर भावोजींना वाढ, आणि तक्रार त्यांच्याच सुंदर अक्षरात स्वतःविरुद्ध लिहून घे." वाचून झाल्यावर फाडून टाक. तुझ्या हातात पडणार म्हणूनच लिहिलं.

शेडमध्ये सध्या इतकी शांतता आहे की टोमॅटो ठेवल्याचा आवाज येतो. एकीने काल विचारलं, ठेकेदार आला तर तो आपल्यालाच ठेवून घेईल का. मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि निवडायला लागली. कच्चा-पिका ओळखायची सवय आहे त्यांना, माझा हो कसला होता ते कळलं असणार.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटोबा


ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,

अ. उ. आ. आधी हिशोब, मग बाकीचं.

तुझ्या दहा चिठ्ठ्यांपैकी सहा ९ आणि १० तारखेला मावशींकडे आल्या. त्या क्रेटमधला माल इतका टणक की मावशींनी एक टोमॅटो टेबलावर आपटून दाखवला. तीन चिठ्ठ्या आल्या काल, गुरुवारी. ते तिन्ही क्रेट गळत होते. शेत एक, हात एक, गाडी एक. सहा धडधाकट आणि तीन आजारी. तेव्हा भावजयीच्या बोटांना दंडवत सांग. दोष ना तुमच्या शेडचा, ना गाडीचा. तो मधेच कुठेतरी आहे, आणि मधे आहे फक्त एक खोली. त्या खोलीत माझा नवरा बसतो.

मग ती खोली पाहायला नको? पण सहज म्हणून गोदामात जाणारी मी बाई नाही. म्हणून आज यांचा चष्मा प्रार्थनेच्या पुस्तकाखाली राहून गेला. म्हणजे मीच ठेवला. देवाला लगेच सांगितलं की उद्या जास्तीचं वाचन करीन. चष्मा पोचवायच्या निमित्ताने गेले.

काय सांगू! गोदाम असं लखलखीत की पाय पुसून आत जावंसं वाटतं. जमिनीवर खडूच्या रेघा, रेघांत क्रेटच्या रांगा, भिंतीवर रंगवलेले आकडे. पहाटे गाडी आली की नवा माल दाराशी, जुन्याच्या पुढे रचतात. का? तर यांना दारात उभं राहून तो मोजता यावा. यांनी मला कौतुकाने नोंदवही दाखवली. अकरा वर्षांत एका क्रेटचीही चूक नाही. मग दुकानदार येतात, हमाल हाताशी असेल तो क्रेट उचलून देतात. म्हणजे आजचाच. कालचा मागे, परवाचा त्याच्या मागे. गुरुवारी गाडी नाही, की मग मागच्यांची पाळी. मोजदाद बिनचूक आणि टोमॅटो मोजून मोजून मेलेले!

मागच्या भिंतीला दुसरं दार आहे. ते उघडलं तर माल एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर जाईल, जुना आपोआप आधी निघेल. पण त्या दाराला टेकवून यांचं टेबल आहे, वर पंखा आहे. दार अकरा वर्षं बंद.

तू म्हणशील, मग सांगून टाक. विसरलास का रे? तू एकदा हसत म्हणालास की भावोजींच्या सायकलची घंटा वाजत नाही, तर या माणसाने दीड वर्ष सायकल हातात धरून नेली, पण दुरुस्त केली नाही. यांना कोणी चूक दाखवली की ती चूक यांची इज्जत होते. ती यांची यांनाच सापडली पाहिजे.

म्हणून उद्यापासून माझ्या स्वयंपाकघरात गोदामाचा कायदा. आपल्याकडे आधी कालचा पाव संपतो, मग आजचा निघतो, हे तुला माहीत आहे. आता नवा पाव पुढे, कालचा मागे. दुधाचं, काकडीचं, सगळ्याचं तसंच. मी बोलणार नाही, फडताळ बोलेल.

दहावी चिठ्ठी मात्र अजून बेपत्ता.

धीर धर आणि उपाशी राहू नकोस.

तुझी,
ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र शेडमध्ये मोठ्याने वाचलं. तुझ्या भावजयीने ऐकलं, हातातला टोमॅटो पुसला, आणि म्हणाली की आता याला काही बोलणार नाही, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बावीस जणी तुझा फोटो मागतायत. मी सांगितलं की ताई वर्गणी देईल पण फोटो देणार नाही. मग म्हणाल्या, वर्गणीही मागून बघा.

पण ताई, तुझ्या पत्रातली दहाव्या चिठ्ठीची ओळ वाचल्यापासून माझं जेवण जात नाहीये. दहावी! सहा सापडल्या, तीन सापडल्या, आणि राहिली कोणती, तर नेमकी तीच! नऊ शहाण्या चिठ्ठ्या वेळेवर घरी आल्या आणि मस्तीखोर तेवढी बाहेर राहिली. ती कुठे आहे? एखाद्या दुकानदाराने टाकून दिली असेल तर देव पावला. पण ती अजून गोदामातच असेल तर? भावोजींच्या हाती लागली तर? घंटेवरून दीड वर्ष, तर यावरून किती? मी तर हिशोब केला, माझ्या मुलाचं लग्न त्यांच्या अबोल्यात होईल, आणि मला अजून मूल नाही.

तुझा कायदा कुठवर आला ते कळव. बैठकीला अकरा दिवस आहेत. अध्यक्षांनी काल ठेकेदाराला शेड दाखवायला आणलं होतं. तो वजनकाटा हलवून बघत होता, जणू घरच्या पाळण्याला हात लावतोय.

तुझ्याच आशेवर,
धाकटोबा


ता. २२ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,

अ. उ. आ. तुझ्या ताईचा पार फजितवाडा झाला आहे.

पहिले चार दिवस आमच्या घरी नुसती चैन. यांना रोज सकाळी गरम, ताजा पाव. यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं की आज काय विशेष. तिसऱ्या दिवशी म्हणाले की संसार आता कुठे रुळावर आला. वीस वर्षं मी कालचा पाव आधी संपवत होते तो काय रुळांखाली होता? पण गिळलं मी. मागे कायद्याप्रमाणे उरलेला पाव साचत होता, काकड्या सुरकुतत होत्या. मला रोज देवापुढे मान वर करायची चोरी.

मग बुधवारी नवा पाव आणलाच नाही. म्हटलं, आज गाडीला सुट्टी. मागचा माल काढला. चार दिवसांचा पाव असा की सुरी वाजली. काकडी अशी की दोन्ही टोकं एकमेकांना भेटत होती. ताट पुढे ठेवलं आणि श्वास रोखून उभी राहिले. यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि खाल्लं. सगळं! पाण्याचे घोट जरा जास्त घेतले इतकंच. उठताना म्हणाले, छान होतं. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच, वर मला विचारलं की तू का नाही घेतलास पाव. मी आठवडाभर अन्न शिळं करण्याचं पाप केलं आणि या माणसाच्या जिभेला पत्ता नाही! जो पाव खाववेना तो वाळवून कुटून ठेवला आणि मऊ टोमॅटो शिजवून बरण्या भरल्या, फेकलं काही नाही, एवढं तरी देवाला सांगता येईल.

आज शनिवार, यांची अर्धी सुट्टी, तर जेवण होताच पुन्हा गोदामात गेले. पावाला कंटाळून घरातून पळाले म्हणावं तर तोंडावर तसं काही नव्हतं.

आता माझं ठरलंय. सोमवारपर्यंत वाट पाहणार, आणि मग सरळ समोर बसून सांगणार. धरू दे अबोला. बावीस चुली आणि एक घंटा, यात जड काय हे मला कळतं. सायकल हातात धरून नेली तर मी बरोबर चालेन.

दहाव्या चिठ्ठीचा पत्ता नाही. तुझ्यासाठी वेगळी प्रार्थना चालू आहे.

तुझी,
ताई


ता. १ मार्च

चि. शालक यांस,

स. न. वि. वि. आपल्याला माझे हे पहिलेच पत्र. तक्रारी जमेस धरल्यास चौथे.

कालच्या बैठकीचा वृत्तान्त अध्यक्ष यथावकाश कळवतीलच. तोवर माझ्याकडून असे की, शेड चालू राहणार आहे. ठेकेदारास नकार गेला. माल मऊ पडण्यास गोदामाची रचना जबाबदार होती असे लेखी निवेदन मी स्वतः वाचून दाखवले. अध्यक्षांनी विचारले की गोदाम म्हणजे नेमके कोण. मी म्हणालो की गोदाम म्हणजे मी, आणि हे वाक्य इतिवृत्तात घ्यावे. घेतले आहे.

हे कसे उघडकीस आले ते सांगणे मला भाग आहे. गेल्या शनिवारी मी हमालांना घेऊन भिंतीलगतची शेवटची रांग हलवली. माझी समजूत होती की गुरुवारी सर्व जुना माल निघून जातो. तसे नसते. निघतो तो पुढच्या रांगांपुरता. कोपऱ्यातल्या एका क्रेटच्या तळाशी रसात एक चिठ्ठी सापडली. क्रमांक दहा, ता. ८. म्हणजे तो क्रेट माझ्या बिनचूक नोंदवहीत चौदा दिवस बिनचूक बसून होता. चिठ्ठीवरील सूचनेचा पूर्वार्ध पाळण्याजोगा माल उरला नव्हता. उत्तरार्ध मी पाळला आहे. निवेदन माझ्याच अक्षरात होते आणि एक काना इकडचा तिकडे नव्हता.

सोमवारपासून मागील दार उघडले आहे. माल पुढून येतो, मागून जातो. टेबल बाहेरच्या ओसरीत आणले असून तेथे पंखा नाही. सध्या वारा असतो. परवा गुरुवारी एकाही दुकानदाराची तक्रार आली नाही. चष्मेवाल्या बाई येऊन विनाकारण एक टोमॅटो माझ्या टेबलावर आपटून गेल्या.

यापुढे प्रत्येक क्रेटमध्ये चिठ्ठी घालावी अशी सूचना मी मांडली व ती मान्य झाली. चिठ्ठीत तारीख व क्रमांक एवढाच मजकूर असावा. विनोद घालू नयेत. घालायचेच झाल्यास अक्षर सुवाच्य असावे. आपला 'क्ष' वाचायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

आता एक खाजगी बाब, ती आपल्यापुरती ठेवावी. आपल्या ताईंची समजूत आहे की मला पावातला फरक कळला नाही. मला तो बुधवारी पहिल्याच घासाला कळला. समोर चिवट पाव, आणि दाराआड श्वास रोखून उभी राहिलेली बाई. विचारले असते तर तिने उत्तर दिले असते, आणि ते उत्तर काय असेल याचा अंदाज मला दुसऱ्या घासाला आला. म्हणून तीन दिवस वर्तमानपत्र आडवे धरून मुकाट्याने खाल्ले आणि शनिवारी स्वतः जाऊन पाहिले. त्यांना हे कळवू नये. त्यांचा बेत फसला म्हणून त्या जरा नाराज आहेत, पण चूक मलाच सापडली याचे त्यांना फार समाधान आहे.

निवडणाऱ्या बायकांना माझे सांगणे की त्यांच्या कामात उणे नव्हते. हे मी त्यांच्या समोर येऊन सांगणार आहे. सायकलने येईन. घंटा दुरुस्त केली आहे.

आपला,
गोदामप्रमुख (व भावोजी)

ता. क. धाकटोबा, अ. उ. आ. पाकीट चिकटवायचा डिंक माझ्या फडताळात असतो, हे अकरा वर्षं एकही क्रेट न चुकवणाऱ्या माणसाच्या ध्यानात कसं येत नाही? डिंक लावण्याआधी पत्र वाचलं. आधी हसले, मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला काही कळलेलं नाही असंच तू समज, आणि त्यांनाही समजू दे. परवाच्या गुरुवारी माझ्या वहीत लिहायला काही नव्हतं, म्हणून पान कोरं सोडलं आणि देवापुढे उघडून ठेवलं. उद्यापासून आमच्याकडे पुन्हा कालचा पाव आधी, पण आता निम्मा त्यांना, निम्मा मला. त्यांना हे सांगितलेलं नाही. मुकाट्याने खातात, हे आता मला ठाऊक आहे. भावजयीच्या बोटांवर लोभ, तुझ्या 'क्ष'वर लक्ष. — ताई